दुकानातच राहू द्यावी अशी कॉफी

खामगाव-मलकापूरकडच्या घरांत गेल्या काही वर्षांत कॉफीच्या अख्ख्या बिया दिसू लागल्या आहेत. मुले पुण्या-बंगळुरूला नोकरीला असतात. येताना एखाद्या कॉफी चेनचे पाकीट आणतात, सोबत हाताने फिरवायची छोटी चक्की. अडीचशे ग्रॅमला पाचशे रुपयांच्या आसपास, कधी त्याहून जास्त. कपाला पंधरा ग्रॅम धरले तर सोळा कप. त्यातला चौथा कप होईपर्यंत घरातले वडीलधारे माणूस म्हणते, "हे तं जयेल लागते ना भाऊ," आणि पाकीट फडताळात मागे जाते. मुलाचा हिरमोड होतो आणि आपल्या जिभेला यातले काही कळत नाही, असे म्हाताऱ्यांना ऐकून घ्यावे लागते. मला हा निवाडा मान्य नाही. जळकट लागते ती कॉफी पुष्कळदा खरोखरच जळकट असते. कोणती कॉफी घ्यावी हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी पाकिटे, पाणी आणि भांडी बदलून पाहत कोणती घेऊ नये याची टिपणे ठेवत आलो आहे.

पाकिटावरून कॉफी निवडणे हीच आपल्याकडे नवी गोष्ट आहे. १९४२च्या कायद्याने कॉफी बोर्डाकडे विक्रीची सूत्रे आली आणि मळेवाल्यांना आपला माल बोर्डाच्या सामाईक साठ्यात घालावा लागे. चिकमगळूरच्या एका मळ्याची कॉफी कोडगूच्या दुसऱ्या मळ्याच्या कॉफीत मिसळून जाई. इंडिया कॉफी हाऊस ही देशातली जुनी साखळी. तिथे गिऱ्हाइकाला कॉफी मिळे, मळ्याचे नाव मिळत नसे. १९९२पासून ही बंधने सैल होत गेली आणि १९९६पर्यंत मळेवाल्यांना सारा माल खुल्या बाजारात विकता येऊ लागला. त्याच वर्षी बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डे सुरू झाले. ऑक्टोबर २०१२मध्ये मुंबईत हॉर्निमन सर्कलला टाटांच्या भागीदारीत स्टारबक्स उघडले. मळ्याचे आणि भाजणीचे नाव छापलेली पाकिटे सर्रास दिसू लागली ती या काळात.

आता मुख्य मुद्दा. चेनला नाशिकला आणि नागपूरला एकाच चवीचा कप द्यायचा असतो. तो कप बहुधा दुधाचा, साखरेचा, वर बर्फाचा किंवा चॉकलेटचा असतो. एवढ्या गर्दीतून कॉफीची चव वर यायची तर ती कडक भाजावी लागते. चकलीच्या भाजणीशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. डाळ कच्ची राहिली तर चकली कच्चट लागते, जास्त भाजली तर सगळ्या धान्यांची चव एकच होते, ती म्हणजे करपल्याची. कॉफीची बी सुमारे १९६ अंश सेल्सियसला पहिल्यांदा तडकते. तिथून थोडे पुढे मध्यम भाजणी होते आणि मळ्याची, मातीची, जातीची चव बरीचशी शिल्लक असते. साधारण २२४ अंशांना ती दुसऱ्यांदा तडकते. मग आतले तेल वर येऊ लागते, बी काळी आणि चकचकीत होते. पुढची चव मुख्यतः भट्टीची असते. कॉफी हाउसच्या यंत्रात नऊ पट हवेच्या दाबाखाली पंचवीस-तीस सेकंदांत उतरलेला घोटभर अर्क दुधात जातो, तेव्हा ही भाजणी शोभते. घरी पातेल्यात चार मिनिटे उकळली की तिच्यातला कडूपणा तेवढा उतरतो.

म्हणून माझ्या यादीत पहिली काट 'फ्रेंच रोस्ट', 'इटालियन रोस्ट', 'एक्स्ट्रा डार्क' अशा नावांवर. ही नावे देशांची नसून भाजणीच्या पायऱ्यांची आहेत. पाकिटाला छोटी झडप असेल तर हलके दाबून वास घ्यावा. जुन्या शेंगदाण्यासारखा किंवा खोबऱ्यासारखा खवट वास आला तर भाव निम्मा केला तरी घेऊ नये. वर आलेले तेल हवेला लागून लवकर खवटते, त्यामुळे काळी बी मध्यम बीपेक्षा आधी उतरते.

दुसरी काट तारखेवर. 'अमुक महिन्यांच्या आत वापरा' एवढेच लिहिलेले असेल तर ती तारीख दुकानदाराच्या सोयीची. आपल्याला हवी ती भाजल्याची तारीख. काही नव्या भारतीय चेन ती छापतात. भाजल्यानंतर बियांतून काही दिवस कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, आठवड्याभराने चव बसते आणि महिना-दीड महिन्यात ती ओसरू लागते. दळलेल्या पुडीचे आयुष्य तर दिवसांत मोजावे. चक्की नसेल तर चेनची महाग पूड घेण्यापेक्षा माटुंग्यासारख्या ठिकाणी समोर दळून देणाऱ्याकडून शंभर ग्रॅम आणवलेली बरी.

चिकोरीबद्दल मात्र माझे मत शहरातल्या शौकिनांहून वेगळे आहे. चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजलेले मूळ, आपल्याकडे मुख्यतः गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकणारे. तिच्यात कॅफीन नसते. कायद्याने मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापायला हवे. मुंबईच्या पोलसनने विकलेली 'फ्रेंच कॉफी' ही अशीच चिकोरीची. पोलसनचे लोणी पुढे इतके गाजले की मस्का लावण्याला लोक 'पोलसन लावणे' म्हणू लागले. पण त्या घराण्याची सुरुवात कॉफी दळण्यापासून झाली होती. आपल्या आजोळच्या जायफळ-वेलचीच्या दुधाळ कॉफीला वीस-तीस टक्के चिकोरी शोभते, तिला अंग येते. नाकारायची ती कॉफीच्या भावाने विकलेली चिकोरी. टक्के बारीक अक्षरांत असतात, चष्मा लावून वाचावेत.

यापुढचा मुद्दा चेनच्या माहितीपत्रकात कधी येत नाही, आणि आमच्या जिल्ह्यात तोच सर्वांत मोठा आहे. कपात अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव टक्के पाणी असते. बुलढाण्याच्या उत्तरेला पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. तो अमरावती आणि अकोल्यातून आमच्या शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांत येतो. तिथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात मिठाबरोबर बायकार्बोनेटही असतात. त्या पाण्याने कित्येक घरांना मूत्रपिंडाचे आजार पाहावे लागले आहेत, तिथे कॉफीची चव हा विषय दुय्यमच. पण त्याच पाण्यावर पाचशेचे पाकीट खर्ची पडत असेल तर काय होते ते सांगायला हवे. बायकार्बोनेट आंबटपणा मारतो. या गुणाची पराकाष्ठा पाहायची तर आमचे लोणार सरोवर आहे, त्याचे पाणी सोड्यासारखे अल्कधर्मी. घरी करून पाहण्याजोगी खूण अशी: हलक्या भाजणीच्या काळ्या कॉफीत खायच्या सोड्याचे चार कण टाकावेत. संत्र्या-लिंबासारखा जो आंबूस स्वाद पाकिटावर मिरवलेला असतो, तो क्षणात नाहीसा होतो आणि कप बेचव, मचूळ होतो.

कॉफीतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना लिटरला सुमारे १५० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार चांगले मानते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा ५००, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालते. म्हणजे सरकारी कसोटीला उतरलेले पाणीही कॉफीला जड असू शकते. तेव्हा खाऱ्या बोअरवर राहणाऱ्यांनी 'लाइट रोस्ट', 'फ्रूटी', 'सिट्रस' लिहिलेली महाग अरेबिका सरळ नाकारावी. तिचे पैसे ज्या चवीचे, ती चव तुमच्या पातेल्यात उतरणारच नाही. आरओचा जार वापरत असाल तर उलटी अडचण येऊ शकते. क्षार फारच कमी उरले की कप पातळ आणि टोचणारा लागतो. मी जारच्या पाण्यात थोडे नळाचे मिसळतो, नळाचे पाणी गोड असेल तरच.

हलकी भाजणी न घेण्याचे आणखी एक कारण आपल्या घरांत आहे: दूध. आंबूस कॉफी सकाळच्या ताज्या दुधात कशीबशी निभते, संध्याकाळच्या उरलेल्या दुधात कधी कधी फुटते. मग पाहुण्यांसमोर दुधाला बोल लावला जातो. दूध घालणाऱ्यांनी मध्यम किंवा मध्यमहून किंचित गडद भाजणी घ्यावी, थोडी रोबस्टा असलेली चालेल. रोबस्टाला हलकी समजण्याची फॅशन आहे. भारतात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे सत्तर टक्के तीच आहे, कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट, आणि दुधात ती टिकते. मात्र रात्री झोप न येणाऱ्यांनी हाच आकडा ध्यानात ठेवून ती टाळावी.

हेझलनट, व्हॅनिला वगैरे वास चोळलेल्या बिया मी चक्कीतच घालू देत नाही. पुढचे पंधरा दिवस साध्या कॉफीलाही तोच वास येतो. सणाच्या भेटपेट्यांतही कपापेक्षा खोका मोठा असतो. त्यांची तारीख आवर्जून पाहावी.

आपल्या सर्वांत जवळची कॉफी चिखलदऱ्याची, महाराष्ट्रात कॉफीसाठी ओळखले जाणारे ठिकाण ते. तिथे फिरायला गेल्यावर पुडी घ्यायचा मोह होतो. घेण्याआधी कोणाच्या बागेतली, कधी भाजलेली, हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर नाही आले तर तिथला चहा प्यावा.

शेवटी हंगामाचे. भारतात अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी आणि रोबस्टाची त्यानंतर फेब्रुवारीपर्यंत चालते. नवा माल भाजणाऱ्यांकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी पोचतो. म्हणजे दिवाळीत मिळणारी देशी बी, कालच भाजलेली असली तरी, बहुधा गेल्या हिवाळ्यातली असते. या दिवसांत मोठी पाकिटे टाळावीत. अपवाद मान्सून्ड मलबारचा. मंगळुरूकडच्या उघड्या गोदामांत जून ते सप्टेंबर पावसाळी वाऱ्यावर ठेवलेली ही बी फुगते, पिवळसर होते आणि तिचा आंबटपणा जातो. २००८मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा नवा माल दिवाळीच्या सुमारास तयार होतो, आणि दूध असो वा जरा जड पाणी, ती दोन्ही सोसते.