मारविकेन : न पेटलेल्या भट्टीने दिलेले गणित

स्वीडनमध्ये नॉरशॉपिंगजवळ समुद्रखाडीच्या काठी मारविकेनची अणुभट्टी उभी राहिली, पण तिच्यात अणुइंधन कधीच पडले नाही. १९७० मध्ये अणुवीज बनवण्याचा बेत सोडून दिला गेला आणि तिथे तेलावर वीज तयार होऊ लागली. भट्टीचे पोलादी पात्र मात्र जागेवर राहिले : व्यास पाच मीटरांहून जास्त, उंची वीस मीटरांहून जास्त. जगभरच्या अणुसुरक्षेला त्याच पात्राने एक मोठे उत्तर दिले.

प्रश्न होता, भट्टीचा मुख्य नळ तुटला तर सेकंदाला किती पाणी बाहेर पडेल? इंधन किती लवकर उघडे पडेल, आणीबाणीचे पंप केवढे हवेत, हे सारे त्यावर ठरते. वातावरणाच्या ५० पट दाबाखाली पाणी २६० अंशांनाही द्रवच असते. तुटल्या तोंडाशी दाब उतरताच ते उकळू लागते. थंड, निव्वळ पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. बुडबुडे मिसळले की तोच वेग शंभराच्याही खाली येऊ शकतो. बाहेर दाब घटल्याची वर्दी आत जाते ती ध्वनीच्या वेगाने. प्रवाहाने तो वेग गाठला की वर्दी आत पोहोचत नाही आणि बाहेरचा दाब कितीही पडला तरी विसर्ग वाढत नाही. हाच क्रांतिक प्रवाह.

सर्वांत साधे गणित पाणी आणि वाफ एकाच वेगाने, एकाच तापमानाला जातात असे धरते. १९६५ मध्ये मूडी या संशोधकांनी वाफेला पाण्याच्या पुढे धावू दिले. १९७१ मध्ये हेन्री आणि फॉस्के यांनी उकळण्याला लागणारा उशीर हिशेबात घेतला. यातले खऱ्या आकाराच्या नळाला काय लागू पडते, हे मारविकेनच्या पात्रातून दाबाखालचे गरम पाणी सोडून केलेल्या २७ चाचण्यांनी दाखवले. पाणी सोडण्याची तोंडे २०० ते ५०० मिलिमीटर व्यासाची होती. आखूड तोंडातून साध्या गणितापेक्षा जास्त पाणी गेले, कारण काही मिलिसेकंदांत पुरेसे बुडबुडे धरतच नाहीत. तोंड लांबवले, तसा हा फरक कमी झाला.

नळ पुरता न तुटता त्याला नुसता तडा गेला, तर त्याचे दुखणे वेगळे. फट केसाएवढी, वाट वाकडी, भिंती खडबडीत. दाब घर्षणातच खर्ची पडतो आणि पाणी आतच उकळते. तरीही हा हिशेब मांडावाच लागतो, कारण ‘फुटण्याआधी गळती’ हे तत्त्व त्यावर उभे आहे : नळ तुटण्याआधी तडा गळावा आणि ती गळती वेळीच कळावी. तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या भट्ट्यांच्या मुख्य नळांसाठीही हा विचार झाला. अमेरिकी नियमावली तर यंत्रांना जेवढी गळती पकडता येते, तिच्या दहापट गळती धरून तड्याचा हिशेब करायला लावते. गणिताच्या मर्यादा अशा आकड्यात मांडून ठेवणे, हीच या शास्त्राची खरी शिस्त आहे.