लाल गारा काळा कसा दिसला?

1860-70च्या सुमाराचा, स्टुडिओत काढलेला पारशी कुटुंबाचा फोटो पाहायला मिळाला, तर बाईंच्या साडीकडे निरखून बघा. काळीभोर साडी आणि तिच्यावर पांढऱ्या रेशमात भरलेली फुलं, पाखरं. हा गारा, चीनच्या व्यापारातून पारशी घरांत आलेलं देखणं भरतकाम. पण ही साडी खरंच काळी होती का? कदाचित ती चक्क लालभडक असेल!

हे कसं शक्य आहे? 1851 साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने फोटो काढण्याची कलोडियनची पद्धत जाहीर केली. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्राव ओतायचा आणि घावनाचं पीठ तव्यावर फिरवावं तसा काच कलती करून सगळीकडे पसरवायचा. मग ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची. सुकली की काच वाया! मुंबईच्या उकाड्यात किती धांदल उडत असेल, कल्पना करा.

आणि खरी गंमत पुढेच आहे. या काचेला फक्त निळा-जांभळा प्रकाश कळायचा. तांबडा तिच्या लेखी अंधारच. म्हणून तर फोटोग्राफर तांबूस-पिवळ्या उजेडात बिनधास्त काम करायचे. त्यामुळे लाल साडी काळी उमटायची, निळी मात्र पांढुरकी! पुरुषांची पांढरीशुभ्र डगली तेवढी झगझगीत यायची.

बरं, फोटो उमटायला काही सेकंद लागत. तेवढा वेळ मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी चिमटा लावत. उभ्या माणसाच्या बुटांमागे बघा, कधीकधी त्या चिमट्याच्या स्टँडचा पाय चोरून डोकावतो!

मग तो फोटो कागदावर उतरवायचा. त्या कागदाला लुकण कशाचं? अंड्याच्या पांढऱ्या बलकाचं! 1854 साली पॅरिसच्या दिस्देरीने एकाच काचेवर आठ छोटे फोटो घेण्याची युक्ती काढली. फोटो स्वस्त झाले, आप्तेष्टांत वाटले जाऊ लागले, घरोघरी अल्बम भरले. 1854 सालीच मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीही उभी राहिली.

कॅमेऱ्याने रंग गिळले, पण गारा पारशी घरांत पिढ्यान्‌पिढ्या जपला जातो. तुमच्या घरी असा फोटो आणि ती साडी दोन्ही असतील, तर एकदा शेजारी ठेवून बघा. आणि साडीचा खरा रंग कागदावर लिहून फोटोसोबत ठेवा. पुढच्या पिढीला तो नुसत्या फोटोवरून कधीच कळणार नाही.