नारायणगावचा फड आणि बदलता गळा

पुणे–नाशिक रस्त्यावरचे जुन्नर तालुक्यातले नारायणगाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडमालकांच्या राहुट्या उभ्या राहतात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर अशा तालुक्यांतले गावपंच येथे येऊन आपल्या यात्रेची सुपारी देतात. दसऱ्याला सुरू झालेला हंगाम चैत्र-वैशाखातल्या यात्रांपर्यंत चालतो. ढोलकी फडाच्या या परंपरेत गायकीची एक स्वतंत्र रीत घडली. ती मोकळ्या माळासाठी घडली होती. विसाव्या शतकात दूरदेशांतून आलेली यंत्रे, सिनेमा आणि बदललेली बाजारपेठ यांनी तिला वेगळे वळण दिले.

जुन्या फडाचा क्रम ठरलेला असे: गण, गवळण, बतावणी, लावण्या आणि शेवटी रात्र सरेपर्यंत रंगणारा वग. ढोलकी, हलगी, झांज आणि तुणतुणे एवढीच साथ. एकतारी तुणतुणे षड्ज धरून ठेवी आणि सरदार, म्हणजे फडाचा मुख्य गायक, त्यावर टिपेच्या सुरात कवन उचले. त्याची ओळ संपत आली की मागे उभे असलेले सुरते ती झेलत आणि ‘जी जी’ची झील लांबवत. सरदाराला दम घ्यायला मिळे, पण सूर तुटत नसे. अनेक गळ्यांनी मिळून एक सूर अखंड ठेवण्याची ही युक्ती फडाच्या गायकीचा कणा होती. सूर उंच धरायचा, आवाज छातीतून फेकायचा आणि शब्द ठसठशीत उच्चारायचा, कारण वगातली गोष्ट शेवटच्या माणसापर्यंत पोचली पाहिजे. पिलू, काफी, खमाज, भैरवी अशा रागांच्या छाया या गाण्यात असत, पण विस्ताराला अवकाश कमी. रंग भरायचा तो शब्दफेकीतून आणि लयीतून.

या गायकीचे मोठे घराणे नारायणगावचेच. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडाने गावाचे नाव महाराष्ट्रभर नेले. भाऊंच्या कन्या विठाबाई यांचा जन्म 1935 साली पंढरपुरात झाला. गाणे, नाच आणि अभिनय या तिन्ही अंगांनी त्यांनी फड गाजवला. 1957 आणि 1990 साली त्यांचा राष्ट्रपती पुरस्काराने गौरव झाला. 2002 साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने राज्य शासन तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनी हा वारसा स्वतःच्या फडातून पुढे चालवला.

बाहेरच्या जगाचा पहिला ठसा पेटीतून उमटला. 1840च्या दशकात फ्रान्समध्ये घडलेली हार्मोनियम भारतात आली. कोलकात्याला हाताने भाता ओढण्याची सोय झाली आणि जमिनीवर बसून वाजवता येणारी पेटी देशभर पसरली. संगीत बारी या लावणीप्रधान प्रकारात पेटी आणि तबला हीच मुख्य साथ ठरली. ढोलकी फडातही पेटी शिरली तेव्हा तुणतुण्याच्या एका सुरावर मोकळेपणाने फिरणाऱ्या गळ्याला ठरीव बारा स्वरांच्या चौकटीत बसावे लागले. त्यातून गाणे सुरात बांधीव झाले आणि चाली इकडून तिकडे नेणे सोपे झाले. मात्र दोन पट्ट्यांच्या मधल्या स्वरांवर रेंगाळण्याची जुनी लकब मागे पडू लागली.

दुसरा बदल ध्वनिक्षेपकाने केला. स्वातंत्र्यानंतरच्या काळात माईक आणि कर्णे यात्रेच्या माळावर पोचले. हजारोंच्या गर्दीत हळुवार शब्दही ऐकू जाऊ लागला, त्यामुळे लावणीतला लाडिकपणा, उसासा आणि कुजबुज यांना फडावर जागा मिळाली. बैठकीच्या लावणीत अदाकारी करताना यमुनाबाई वाईकरांसारख्या गायिका मोजक्या श्रोत्यांसमोर ज्या बारकाव्यांनी एकाच ओळीचे अनेक भाव दाखवत, तसे बारकावे आता मोठ्या तंबूतही शक्य झाले. पण ज्या कारणासाठी सुरत्यांची फळी मागे उभी असे, ते कारणच उरले नाही. झील आखडली आणि खड्या आवाजाचे मोल उतरले.

तिसरा आणि सर्वांत खोल परिणाम सिनेमाचा. 1959 साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात 131 आठवडे चालला. वसंत पवारांच्या संगीतात आशा भोसले यांनी गायलेली लावणी घराघरांत पोचली. 1972 सालच्या ‘पिंजरा’ची कथा 1930च्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटावरून घेतलेली. नाइट क्लबमधल्या गायिकेच्या जागी येथे तमाशातली नर्तकी आली आणि राम कदमांच्या चाली उषा मंगेशकरांनी गायल्या. ही गाणी स्टुडिओत, माईकजवळ, वाद्यवृंदाच्या साथीने ध्वनिमुद्रित झालेली. यात्रेतले प्रेक्षक मात्र तीच गाणी फडावर मागू लागले. फडाच्या चाली ऐकून सिनेमाची लावणी घडली होती, आता सिनेमाची लावणी ऐकून फडाचा गळा घडू लागला. सुलोचना चव्हाण यांनी ठसक्याच्या उच्चाराने जी शैली रूढ केली, तिचे अनुकरण गावोगाव झाले. 2010 साली ‘नटरंग’ आला, तेव्हा हेच चक्र नव्या पिढीत पुन्हा फिरले.

पुढे उपग्रह वाहिन्या, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले. वगाआधीच्या रंगबाजीत हिंदी सिनेमाच्या गाण्यांचा भरणा झाला आणि काही ठिकाणी ध्वनिमुद्रित ट्रॅकवर नाच होऊ लागला. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध आणले. रात्रभर चालणारा वग त्या वेळेत मावेना. वग आक्रसला तसे कथेच्या ओघात गायची कवनेही आक्रसली, आणि ती पाठ असणारे सरदार कमी होत गेले.

असे बदल चीनच्या गायकीतही झाले, पण वेगळ्या वाटेने. 1927 साली शांघायला संगीत विद्यालय स्थापन झाले. पुढे अशा विद्यालयांतून युरोपीय श्वासतंत्र आणि चिनी लोकगीतांचे उच्चार यांची सांगड घालणारी शैली शिकवली गेली. कुंछू हा जुना गायननाट्यप्रकार 2001 साली आणि पेकिंग ऑपेरा 2010 साली युनेस्कोच्या वारसा नोंदीत आला. तेथे नवी गायकी वर्गात घडली, आणि जुनी जपण्यासाठीही शाळा आणि शासन उभे राहिले. नारायणगावच्या गायकीला बाजाराने आणि यंत्राने घडवले. फडात शिकणे म्हणजे ऐकत, चुकत, मागे उभे राहून झील धरत शिकणे. झील गेली की शिकण्याची ती पहिली पायरीही जाते.

तरीही गण आणि गवळण आजही फडाच्या सुरुवातीला गायली जातात, आणि ढोलकी-हलगीची जुगलबंदी प्रेक्षकांना खेचते. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत लोककलांचे शिक्षण मिळते, शासनाची तमाशा प्रशिक्षण शिबिरेही होतात. पेटी, माईक किंवा सिनेमाची चाल यांनी ही गायकी संपलेली नाही. प्रत्येक वेळी तिने नवे पचवून आपला ठसका राखला आहे. सरदार आणि सुरते यांची जोडगायकी मात्र आपोआप टिकणारी नाही. ती जाणणारे कलावंत हयात आहेत तोवर अखंड वगांचे ध्वनिमुद्रण होणे, आणि तरुण गळ्यांना ध्वनिक्षेपकाविना झील धरण्याची तालीम त्यांच्याकडून मिळणे, ही या परंपरेची आजची निकड आहे.