अमळनेर ते अमळनेर : सायकलवरून खानदेश

फ्रान्समध्ये लुआर नदीच्या काठाने जुने गढी-वाडे आणि बाजारगावे पाहत सायकलने हिंडण्याची परंपरा आहे. तेथे सायकलस्वारांसाठी खुणा केलेले मार्ग आहेत. खानदेशात तशी सोय नाही. परंतु जुनी गावे सायकलच्या टप्प्यात असणे, हा त्या प्रवासाचा खरा आधार येथेही आहे. अमळनेर, पारोळा, एरंडोल आणि धरणगाव ही बैलगाडीच्या काळात नावारूपाला आलेली गावे एकमेकांपासून साधारण तेरा ते पंचवीस किलोमीटरवर आहेत. त्यांना जोडणारी फेरी सुमारे ८५ ते ९० किलोमीटरची होते. रोज तासभर सायकल चालविणाऱ्याला ती एका दिवसात झेपते. मात्र त्यासाठी अंतरापेक्षा ऊन, वारा आणि वाहतूक यांचा हिशेब आधी मांडावा लागतो.

आरंभासाठी अमळनेर सोयीचे आहे. ते भुसावळ-सुरत लोहमार्गावर असल्याने जळगावहून रेल्वेने येता येते. धुळ्याहून रस्त्यानेही ते जवळ आहे. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात येथील प्रताप हायस्कुलात अध्यापन केले. तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना १९१६ मध्ये झाली. बोरी नदीच्या पात्रातील सखाराम महाराजांची समाधी हे गावाचे जुने श्रद्धास्थान होय. आदल्या दिवशी मुक्कामाला आल्यास ही स्थळे संध्याकाळी निवांत पाहता येतात आणि पहाटेचा वेळ वाचतो.

फेरीची दिशा पारोळ्याकडून धरावी, याला तीन कारणे आहेत. पहिले कारण जमिनीचा उतार. या भागातील जमीन उत्तरेला तापीकडे उतरत जाते. म्हणून दक्षिणेकडचा, म्हणजे पारोळ्याचा हलका चढ सकाळच्या गारव्यात संपवावा. दुसरे कारण वारा. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून वा ईशान्येकडून वाहतो. शरीर ताजे असताना तो समोरून सोसला, तर परतताना तो पाठीशी राहतो. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. या दिशेने गेल्यास पारोळा, एरंडोल आणि धरणगाव येथील मुख्य वळणे डाव्या हाताची येतात. महामार्गावरील भरधाव वाहनांना आडवे जाण्याचा प्रसंग त्यामुळे कमी होतो.

अमळनेर ते पारोळा हा टप्पा सुमारे वीस किलोमीटरचा आहे. साडेसहाला निघाल्यास आठपर्यंत पारोळा गाठता येते. येथील भुईकोट किल्ला हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ मध्ये बांधला. डोंगराचा आधार नसलेल्या या किल्ल्याने संरक्षणासाठी खंदकावर भिस्त ठेवली होती. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांच्या माहेरच्या तांबे घराण्याशीही पारोळ्याचा संबंध सांगितला जातो. न्याहारी येथेच उरकावी.

पारोळा ते एरंडोल हा सुमारे पंचवीस किलोमीटरचा टप्पा फेरीतील सर्वांत जोखमीचा आहे. हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, आताचा ५३. सुरत-नागपूर मालवाहतूक याच मार्गाने चालते. येथे सायकली एकामागून एक, रस्त्याच्या डाव्या कडेने चालवाव्यात. शिरस्त्राण, भडक रंगाचा सदरा आणि मागचा लाल दिवा दिवसाही असावा. सकाळी सूर्य समोर असतो. तो जसा सायकलस्वाराच्या डोळ्यांवर येतो, तसा मागून येणाऱ्या चालकाच्याही येतो, हे विसरू नये. सोबत मुले वा नवशिके असतील, तर हा टप्पा गाळावा. अमळनेर-धरणगाव-अमळनेर अशी सुमारे पन्नास किलोमीटरची ये-जा त्यांच्यासाठी पुरेशी आहे.

अंजनी नदीकाठच्या एरंडोलहून पद्मालयाचे गणेशस्थान सुमारे दहा किलोमीटरवर आहे. डाव्या आणि उजव्या सोंडेच्या दोन गणेशमूर्ती व कमळांचे तळे ही त्याची ख्याती. परंतु ही आडवाट घेतली, की फेरी शंभर किलोमीटरच्या वर जाते आणि वाटेत चढही लागतो. मध्यम फेरी अवघड होते ती अशाच ऐनवेळच्या मोहाने. पद्मालयासाठी वेगळा दिवस राखावा.

एरंडोलहून तेरा-चौदा किलोमीटरवर धरणगाव लागते. १६७४ मध्ये येथे इंग्रजांची वखार होती. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने उभारलेल्या भिल्ल पलटणीचे ठाणेही येथेच होते. कवी बालकवी ठोंबरे यांचा जन्म १८९० मध्ये याच गावी झाला. १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला. दुपारचे जेवण आणि विश्रांती येथे घ्यावी. येथून अमळनेर सुमारे पंचवीस किलोमीटर उरते. थकवा आला, सायकल बिघडली किंवा उशीर झाला, तर धरणगावचे रेल्वे स्थानक हाताशी आहे. मात्र थांबणाऱ्या गाड्यांच्या वेळा आणि सायकल सामान म्हणून नोंदविण्याचे नियम आधीच विचारून ठेवावेत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच या फेरीचा हंगाम होय. उन्हाळ्यात खानदेशाचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तर पावसाळ्यात कडेच्या काळ्या मातीत चाके रुततात. हिवाळ्यातही तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरावे. तहान लागण्यापूर्वी प्यावे आणि भूक लागण्यापूर्वी खावे, हा फ्रान्समधील सायकलभ्रमणाचे अध्वर्यू पॉल द विवी यांचा उपदेश खानदेशातही तंतोतंत लागू पडतो. खाण्यासाठी जळगावची केळी उत्तम. बाभळीच्या काट्यांमुळे दोन जादा ट्यूब आणि पंप हवाच. गिअरची महागडी सायकल आवश्यक नाही. ब्रेक आणि टायर मात्र निर्दोष असावेत.

प्रत्येक गावी पुढच्या टप्प्याचा नव्याने विचार करावा. साडेदहाच्या पुढेही पारोळ्यातच असल्यास महामार्गाकडे न वळता आल्या वाटेने अमळनेरला परतावे. किल्ला तीनशे वर्षे जागेवर उभा आहे; एरंडोलही पुढच्या रविवारी तेथेच असेल.