पाच चकत्या, दहा मीटर

बंदुकीशी आपल्यापैकी बहुतेकांची ओळख जत्रेतली. जत्रा केसलापूरच्या नागोबाची असो की गावच्या देवाची, फुग्यांचा फळा दिसला की खिशातले सुटे पैसे आपोआप बाहेर येतात. त्यापलीकडे पिस्तूल म्हणजे सिनेमा, नाहीतर पोलीस. त्यामुळे मी एअर पिस्तुलाच्या स्पर्धेत नाव दिलंय असं घरी सांगितलं, तेव्हा आईने पोळी लाटता लाटता विचारलं, "काय रे, पोलिसात भरती होऊन राहिला का आता?" बाबांचा प्रश्न जास्त नेमका होता, "याला लायसन लागत नाही का?"

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांच्याच कामाचं आहे, म्हणून आधी तेच सांगतो. 4.5 मिलिमीटरचा छर्रा आणि 20 ज्यूलच्या आतली ताकद असलेल्या एअर पिस्तुलाला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही. यात दारूगोळा नसतो. दाबलेली हवा शिशाचा छोटा छर्रा पुढे ढकलते. पण म्हणून ते खेळणं होत नाही. छर्रा डोळ्याला लागला तर डोळा जाऊ शकतो.

आमची स्पर्धा अगदी छोटी, काही हौशी मंडळींनी एका हॉलमध्ये भरवलेली. 17 स्पर्धक होते. त्यांत दोन शिक्षक, एक औषध दुकानदार, कॉलेजची मुलं आणि मी. दहा मीटरवर बशीएवढ्या पाच लोखंडी चकत्या उभ्या केल्या होत्या. गावातल्याच वेल्डिंगवाल्याने त्या बिजागरीवर बसवून दिलेल्या. छर्रा बसला की 'टण्' आवाज होतो आणि चकती मागे पडते. लागलं की नाही, यावर वाद घालायला जागाच नाही.

ही कल्पना अमेरिकेतल्या 'स्टील चॅलेंज' या स्पर्धेवरून घेतली होती. ती 1981 साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. तिथे खरी पिस्तुलं असतात, प्रत्येक टप्प्यावर पाच पोलादी लक्ष्यं असतात आणि लागलेला वेळ हाच गुण. आमच्याकडे तोच हिशेब एअर पिस्तुलावर बसवला होता. एका फेरीला पाच छर्रे, प्रत्येक वेळी एकेक भरायचा. उभी राहिलेली प्रत्येक चकती म्हणजे 10 सेकंदांचा दंड. फेऱ्या पाच, त्यातली सर्वांत वाईट सोडायची आणि चारांची बेरीज करायची.

नेमबाजीआधी अर्धा तास फक्त नियम सांगितले. पिस्तुलाचं तोंड कायम चकत्यांकडे. नेम धरेपर्यंत बोट चापावर नाही. आपली पाळी नसताना नळीतून भडक रंगाची दोरी आरपार घातलेली हवी, म्हणजे आत छर्रा नाही हे लांबूनही दिसतं. लोखंडावरून छर्रा उलटा येऊ शकतो, म्हणून मागे जाड गोधड्या टांगलेल्या होत्या आणि चष्म्याशिवाय प्रेक्षकांनाही प्रवेश नव्हता. हे सगळं पाहिल्यावर सोबत आलेले बाबा जरा निवांत बसले.

नेम धरताना एक गोष्ट उलटी वाटते. नजर चकतीवर ठेवायची नाही. मागची खाच आणि नळीच्या टोकावरचा खुंट जुळवायचा, खुंट स्पष्ट दिसला पाहिजे, चकती धूसर राहिली तरी चालते. हात थोडा हलतोच, ऑलिंपिक खेळाडूचाही हलतो. त्या हलण्यातच चाप हळू, सरळ मागे आणायचा असतो. शेजारी घड्याळ चालू असताना हे करणं म्हणजे खरी परीक्षा.

माझ्या सर्वांत वेगवान फेरीत घड्याळाने 35 सेकंद दाखवले, पण दोन चकत्या उभ्या. हिशेब झाला 55. दुसऱ्या एका फेरीला 47 सेकंद लागले आणि पाचही आडव्या. माझी एकूण बेरीज 199 आली. सगळ्यांच्या पाट्या पाहिल्या तर हेच चित्र होतं, घाईचे सेकंद दंडात परत जात होते.

पहिली आली नववीतली एक मुलगी, 180 सेकंदांनी. मोजलेल्या चारही फेऱ्यांत तिची एकही चकती उभी राहिली नाही. प्रत्येक छर्ऱ्यानंतर ती हात खाली घ्यायची, एक श्वास घ्यायची, मगच पुढचा भरायची. तिचे वडील कापूस पिकवतात. बक्षीस घेतल्यावर तिने पिस्तूल पुसून आयोजकांना परत केलं, कारण ते उसनं होतं.

ते परत करणं माझ्या मनात राहिलं. स्पर्धेच्या दर्जाचं परदेशी पिस्तूल लाखाच्या वर जातं. हैदराबाद इथून सुमारे 300 किलोमीटर. पण या खेळात आपली माणसं पुढे गेली आहेत. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला रायफलमध्ये कांस्य आणलं. आपल्या तेलंगणाच्या ईशा सिंगने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत चार पदकं मिळवली.

क्रिकेटला मैदान लागतं, पोहायला तलाव. एअर पिस्तुलाच्या ऑलिंपिक प्रकारालाही दहाच मीटर लागतात. एक सामायिक पिस्तूल, जाणता प्रशिक्षक, कुलूपबंद कपाट आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आपण जो हॉल घेतो, तो मी परवा पावलांनी मोजला. 28 पावलं भरली. दहा मीटर सोडून मागे पालकांना बसायलाही जागा उरते.

पुढच्या बैठकीत हा विषय मांडणार आहे. कोणाच्या घरात उत्सुक मुलगा-मुलगी असेल तर त्यांना घेऊन या. आईने जुन्या दोन गोधड्या आत्ताच काढून ठेवल्या आहेत.