प्राथमिक शाळा : एकाची आणि सर्वांची

प्राथमिक शाळा म्हणजे काय, असे कोणी विचारले तर आपण सर्वजण चटकन उत्तर देऊ : लिहावयास-वाचावयास शिकवणारी जागा. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. सहा वर्षांचे मूल आईचा हात सोडून शाळेच्या दारातून आत जाते, तेव्हा दोन गोष्टी एकदम सुरू होतात. एक म्हणजे ते स्वत: शिकू लागते. दुसरी म्हणजे, ज्यांच्याशी त्याचे रक्ताचे वा गल्लीचे नाते नाही अशा तीसचाळीस मुलांत ते वागू लागते. पहिली गोष्ट प्रत्येकाची वेगळी असते, दुसरी सर्वांची मिळून असते. ह्या दोहोंचा मेळ शाळा कसा घालते आणि कोठे तो चुकतो, हे आज आपणांसमोर मांडावयाचे आहे.

मी शिक्षणशास्त्रज्ञ नव्हे. माझे शाळेतील शिक्षण सातवीस थांबले. पुढचे झाले ते युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके उलगडीत. सोलापुरातील विडी कामगार आणि यंत्रमाग कामगार ह्यांच्यात माझे आयुष्य गेले. तेव्हा हा विषय मी कामगाराच्या बाजूने पाहतो, हे आधीच सांगून टाकतो. पण त्यात वावगे काही नाही. आपल्या देशात शाळेचा प्रश्न आणि कारखान्याचा प्रश्न ही जुळी भावंडे आहेत.

1881 साली पहिला कारखाना कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना गिरणीत घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपर्यंत राबवण्याची मुभा ठेवली! म्हणजे आज ज्याला आपण दुसरीतले पोर म्हणतो, ते कायद्याने गिरणीत उभे राहू शकत होते. 1891 साली ही वयोमर्यादा नऊवर आली, 1922 साली बारावर आणि 1948 च्या कायद्याने चौदावर. आता शाळेची बाजू पाहा. 1882 साली हंटर कमिशनपुढे महात्मा फुले ह्यांनी निवेदन दिले. शेतकऱ्याच्या घामातून सरकारचा महसूल येतो आणि तो खर्च होतो मात्र वरच्या वर्गाच्या शिक्षणावर, असा त्यांचा रोकडा आक्षेप होता. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. 1911 साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. कोल्हापुरात मात्र शाहू महाराजांनी 1917 साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दंड ठेवला. सबंध देशात ही गोष्ट मुलाचा हक्क म्हणून अमलात यावयास 1 एप्रिल 2010 हा दिवस उजाडावा लागला. कारखान्याचे दार बंद होणे आणि शाळेचे दार उघडणे ह्यांत अशी बासष्ट वर्षे गेली. त्या मधल्या काळात पोर कोठे होते? सोलापुरात ते घरात होते, आईच्या शेजारी बसून विडीला दोरा बांधीत होते.

दार उघडले, पट भरला. पण दारातून आत गेलेले प्रत्येक मूल शिकते काय? येथे खरा प्रश्न सुरू होतो. ‘असर’ नावाने ग्रामीण भागातील मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी 2005 पासून होत आली आहे. तिचे सांगणे वर्षानुवर्षे जवळजवळ एकच आहे : पाचवीत बसलेल्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांना दुसरीच्या पुस्तकातला साधा मजकूर नीट वाचता येत नाही. ही मुले गैरहजर नव्हेत. ती वर्गात आहेत, हजेरीपटावर आहेत. फक्त धडा त्यांच्या डोक्यावरून पुढे निघून गेला आहे.

असे का होते, ते एका साध्या वजाबाकीवरून सांगतो. 42 मधून 17 वजा करावयाचे आहेत. एक मुलगा उत्तर लिहितो, 35. गुरुजी त्यावर तांबडी फुली मारतात. आता मुलाने काय केले ते पाहा. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने साताातून दोन काढले, पाच उरले. चारातून एक गेला, तीन उरले. म्हणजे त्याने आळस केलेला नाही, अंदाजही ठोकलेला नाही. मोठ्या अंकातून लहान अंक काढावयाचा, असा एक नियम त्याने मनाशी धरला आणि तो इमानाने पाळला. त्या फुलीने त्याला एवढेच कळले की आपण चुकलो. कोठे चुकलो ते कळले नाही. उद्या तो पुन्हा 35 च लिहील. पण ज्या बाई फुली मारण्याआधी विचारतात, ‘कसे केलेस ते सांग बघू’, त्यांना चूक कोठे आहे हे अर्ध्या मिनिटात उमगते. मग त्या दहा-दहा काड्यांच्या चार जुड्या आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवतात. सतरा काड्या मागतात. एक जुडी सोडल्याशिवाय सात काड्या निघत नाहीत, हे मुलाचे हातच त्याला सांगतात. उरतात पंचवीस. प्रत्येक मुलाकडे लक्ष द्यावयाचे म्हणजे काय, तर ते हे. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. विचारावयास वेळ आणि ऐकावयास कान लागतात.

कोणी म्हणेल, चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला असे विचारीत बसावयास गुरुजींना वेळ कोठून मिळणार? प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर असे की, दिवसातील तासदीड तास इयत्तेच्या भिंती बाजूला ठेवावयाच्या. तिसरी, चौथी, पाचवीची मुले एकत्र घ्यावयाची आणि त्यांचे गट पाडावयाचे : अक्षर ओळखणारी, शब्द वाचणारी, परिच्छेद वाचणारी, गोष्ट वाचणारी. जे मूल जेथे आहे तेथून त्याला पुढे न्यावयाचे. मुंबईत 1990 नंतरच्या दशकात सुरू झालेल्या ‘प्रथम’ ह्या संस्थेने ही रीत बसवली आणि ती अनेक राज्यांत वापरली गेली. ह्या रीतीत एक पथ्य फार महत्त्वाचे आहे. गट कायमचा नव्हे. शब्द वाचता येऊ लागले की मूल त्याच दिवशी पुढच्या गटात जाते. ‘हुशार’ आणि ‘ढ’ असे दोन बाक एकदा पडले आणि ते वर्षभर हलले नाहीत, तर ती मदत राहत नाही, ती जात होते. आणि जातीचा अनुभव आपल्या देशाला थोडाथोडका नाही.

दुसरी अडचण भाषेची. आमच्या सोलापुरात हे रोज दिसते. पूर्वभागातील पद्मशाली घरात मूल पाण्याला ‘नीळ्ळु’ म्हणते, अक्कलकोटकडचे मूल ‘नीरु’ म्हणते, आणि वर्गातील फळ्यावर ‘पाणी’ लिहिलेले असते. तहान तीच, शब्द वेगळा. जी शाळा त्या मुलाचा शब्द ऐकून घेते आणि त्याच्या शेजारी आपला शब्द ठेवते, तेथे मूल दोन भाषांचा धनी होते. जी शाळा त्याच्या शब्दाला हसते, तेथे ते आठवडाभरात गप्प बसावयास शिकते. आणि गप्प बसलेल्या मुलास काय येत नाही ते कोणालाच कळत नाही. मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा आठ भाषांतून चालत आल्या, त्यामागे हेच शहाणपण आहे.

आणि जे मूल शाळेपर्यंत येतच नाही, त्याचे काय? ह्याचे उत्तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी देऊन ठेवले आहे. 1945 साली बोर्डीस त्यांनी काम सुरू केले. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळा कुरणात गेली. मुलाने शाळेच्या मापाचे व्हावयाचे नाही, शाळेने मुलाच्या मापाचे व्हावयाचे, हा त्या कामाचा इत्यर्थ.

आता दुसऱ्या अंगाकडे वळू. एकेकट्या मुलाला उत्तम शिकवले, म्हणजे शाळेचे काम संपले काय? तसे असते, तर ज्याच्या खिशात पैसा आहे त्याने घरी मास्तर ठेवावा आणि मोकळे व्हावे. पण आपली पाळी येईपर्यंत थांबणे, खेळात हरल्यावर डाव न मोडणे, दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत ऐकणे, आपले न पटणारे मत उभे राहून सांगणे, ह्या गोष्टी एकट्याने शिकता येत नाहीत. मी आयुष्यभर सभा चालवल्या आहेत. सभेत जो माणूस दुसऱ्याला बोलू देतो आणि स्वत:ही नेमके बोलतो, तो बहुधा शाळेत कधीतरी वर्गप्रमुख झालेला किंवा बालसभेत उभा राहिलेला असतो. लोकशाहीची पहिली तालीम विधिमंडळात होत नाही, ती तिसरीच्या वर्गात होते.

ही तालीम उपदेशाने होत नाही, व्यवस्थेने होते. कोण कोणाशेजारी बसते? बसण्याच्या जागा आठवड्याला बदलतात काय? झाडू नेहमी मुलींच्याच हाती आणि चेंडू नेहमी मुलांच्याच हाती का? वर्गप्रमुख दर महिन्याला नवा होतो, की पाटलाचा मुलगा तहहयात असतो? मूल हे सारे पाहते आणि त्यावरून जग कसे आहे ते ठरवते. शाहू महाराजांनी 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुले एका शाळेत घेण्याचा हुकूम काढला, त्यामागे हीच जाणीव होती. वेगळ्या शाळेत अक्षरे कदाचित तीच मिळाली असती. पण शेजारी बसण्याचा धडा मिळाला नसता.

शाळेतील दुपारच्या जेवणाकडे मी ह्याच नजरेने पाहतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2001 मध्ये सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम धान्य, 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने हे त्याचे ठरलेले प्रमाण. उपाशी पोराला बाराखडी चढत नाही, हे तर उघडच आहे. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की, एका पंगतीत, एका पातेल्यातले अन्न सर्व मुले जेवतात. ज्या गावात मोठी माणसे अजून एका पंगतीस बसत नाहीत, तेथे मुले रोज बसतात. मात्र ताटे वेगळी मांडली गेली किंवा वाढणाऱ्या बाईच्या जातीवरून कुजबूज झाली, की तेच जेवण उलटा धडा देते. म्हणून तेथे शिक्षकाची नजर हवी.

कलमे वाचण्याची माझी सवय आहे, म्हणून शेवटी कायद्याविषयी. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे 24 वे कलम शिक्षकावर असे कर्तव्य घालते की, प्रत्येक मुलाची शिकण्याची पातळी पाहावी, गरज असेल तेथे जादा शिकवावे आणि पालकांच्या सभा घेऊन त्यांना मुलाची प्रगती सांगावी. प्राथमिक शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 90 पर्यंत तीन, असे प्रमाण त्यास जोडलेले आहे. 17 वे कलम मारझोड व मानसिक छळ ह्यांस मनाई करते. 21 वे कलम शाळा व्यवस्थापन समिती नेमावयास सांगते. तीत निदान तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया. 2019 च्या दुरुस्तीने पाचवीत व आठवीत परीक्षा घेऊन, नापास मुलाला फेरपरीक्षेनंतर त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. ह्यावर पुष्कळ वाद झाला. माझे म्हणणे एवढेच की, न शिकवता वर ढकलणे ही जशी मदत नव्हे, तसेच न शिकवता तेथेच बसवून ठेवणे ही देखील मदत नव्हे. मदत 24 व्या कलमात आहे.

शिक्षकांची बाजूही सांगितली पाहिजे. जनगणना, निवडणूक, आपत्तिनिवारण ह्यांखेरीज बिगर-शैक्षणिक काम त्यांना देऊ नये, असे 27 वे कलम म्हणते. माहितीचे तक्ते भरण्यात ज्याचा दिवस जातो, तो मुलाला ‘कसे केलेस’ असे केव्हा विचारणार? शिक्षकाचा वेळ मागणे म्हणजे आपल्याच मुलाचा वेळ मागणे होय.

आमच्या वस्त्यांतून आज काय घडते? महापालिकेच्या शाळेत शिकत नाहीत, म्हणून विडी वळणारी आई रोजच्या मजुरीतून पैसे काढून मुलाला कोठल्यातरी फी घेणाऱ्या शाळेत घालते, वर शिकवणी लावते. तिचा दोष नाही. पण चार आया निघून गेल्या की शाळेचा पट घटतो, पट घटला की शिक्षक कमी होतो आणि जिला कोठेच जाता येत नाही तिचे मूल मागे राहते. एकेकटीने सोडवलेला प्रश्न सगळ्यांचा बिकट होतो, हा कामगार चळवळीतला जुना अनुभव येथेही खरा आहे.

जूनमध्ये शाळा उघडतील. आपल्या वॉर्डातील शाळेच्या समितीत पालक कोण आहेत, त्यांना सभेची नोटीस मिळते काय, आणि सभा खरोखर भरते की केवळ सह्या गोळा होतात, हे पाहावे. सभेत इमारतीच्या रंगाविषयी अवश्य बोलावे. पण आधी तीन प्रश्न विचारावे. वाचता न येणारी मुले कोण? त्यांच्यासाठी दिवसातील कोणता तास राखला आहे? आणि पंगतीत कोण कोठे बसते? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत आणि पुढच्या सभेत तेच प्रश्न पुन्हा विचारावे.