जठराला पट्टा : ऑपरेशन छोटे, जबाबदारी मोठी
(लेखमाला : वजन आणि शस्त्रक्रिया – भाग ४)

तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेल्या आहेत. आजाराचे वर्णन, केलेले उपचार आणि सोबत डोळ्यांची चित्रे असे त्यांचे स्वरूप आहे. रुग्णागणिक नोंद ठेवण्याची ही शिस्त आजच्या विषयात फार मोलाची आहे, कारण गॅस्ट्रिक बँडचे, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठराला बसवल्या जाणाऱ्या पट्ट्याचे, यश ऑपरेशनइतकेच नंतरच्या तपासण्यांवर ठरते.

या शस्त्रक्रियेत जठर कापत नाहीत आणि आतड्याची वाटही बदलत नाहीत. दुर्बिणीतून जठराच्या वरच्या टोकाला सिलिकॉनचा पट्टा बसवतात. पट्ट्याच्या वर १५ ते ३० मिलिलिटरची लहानशी पिशवी तयार होते. ती थोड्या घासांत भरते आणि भूक लवकर शमते. पट्ट्याच्या आतल्या बाजूला फुगा असतो. त्याची नळी पोटाच्या त्वचेखालच्या पोर्टला जोडलेली असते. पोर्टमध्ये सुईने सलाईन भरले की पट्टा आवळतो, काढले की सैल होतो. वजन किती उतरते, गिळताना त्रास होतो का, हे पाहून डॉक्टर हे प्रमाण वेळोवेळी ठरवतात.

घास बारीक चावून, सावकाश खावा लागतो. मऊ भाताचा गोळा किंवा पाव अडकू शकतो. पायसम, सरबत, साखरेची कॉफी मात्र पट्ट्यातून सहज उतरते. अशा पातळ गोडावर भर राहिला, तर पट्टा असूनही वजन हटत नाही.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००१ साली या पट्ट्याला मान्यता दिली आणि पुढची काही वर्षे तो फार लोकप्रिय होता. नंतर अडचणी दिसू लागल्या. पट्टा सरकणे, जठराच्या भिंतीत रुतणे, अन्ननलिका फुगणे, पोर्ट गळणे अशा कारणांनी अनेकांचे पट्टे काढावे लागले. आज जगभर स्लीव्ह आणि बायपास या वजन कमी करण्याच्या इतर शस्त्रक्रिया कितीतरी अधिक होतात. पट्टा काढता येतो हा त्याचा गुण खरा. पण तो काढल्यावर वजन पुन्हा वाढण्याची शक्यता मोठी असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) तमिळनाडूत १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ४० टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आहे. तेव्हा हा प्रश्न तंजावरच्या मराठी घरांतही आहेच. तिथल्या कुणी चेन्नईत पट्टा बसवून घेतला, तर दर वेळी सलाईन कमी-जास्त करायला तीनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करावा लागेल. म्हणून ऑपरेशनला होकार देण्याआधी तीन प्रश्न विचारा: पट्टा सैल-घट्ट कोण करणार, रात्री-अपरात्री त्रास झाला तर कुठे जायचे, आणि पट्टा काढावा लागला तर खर्च कुणाचा?

ज्यांना पट्टा आधीच बसवला आहे, त्यांनी त्रास नसला तरी तपासणी चुकवू नये. पट्ट्याचे कागद जपून ठेवावेत. पाणीही उतरेनासे झाले, वारंवार उलट्या होऊ लागल्या किंवा पोटात तीव्र दुखू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

(पुढील आठवड्यात : स्लीव्ह शस्त्रक्रिया)